प्लास्टिक काढायचं नाही

जेवणाच्या टेबलावर कोर्टाचा फॉर्म पडला होता आणि त्याच्या शेवटच्या पानावर दोन चौकोन होते. एकापुढे लिहिलं होतं, ‘गाडी ठेवायची आहे’. दुसऱ्यापुढे, ‘गाडी सोडायची आहे’. सदानंद टिपणीस गेले तीन दिवस पेन उघडून त्या चौकोनांकडे बघत होता आणि दर वेळी टोपण लावून चहा मागत होता.

बाकी फॉर्म त्याने निमूटपणे भरला होता. प्रदर्शनांचे स्टॉल उभारायचा त्याचा धंदा होता. दोन मोठ्या गिऱ्हाइकांनी पैसे बुडवले, ते येतील या भरवशावर घेतलेली कर्जं डोक्यावर बसली आणि शेवटी दिवाळखोरीचा अर्ज करण्यावाचून इलाज उरला नाही. चार क्रेडिट कार्डं, ऑफिसची खुर्ची-टेबलं, करवत मशीन, सगळं त्याने मन घट्ट करून लिहिलं. गाडीपाशी मात्र हात अडला. शारजातल्या त्या दोन खोल्यांच्या संसारात आता ती गाडीच काय ती उरली होती, जिच्याकडे बघून कोणी म्हणावं की हा माणूस एके काळी बरा चालला होता.

गाडी पांढरी, सात सीटांची, पाच वर्षांची. पण पाच वर्षांची म्हटलेलं सदानंदला आवडत नसे, कारण शोरूममधून आली तेव्हा सीटांवर जे प्लास्टिक होतं, ते अजून तसंच होतं. पुढे, मधे, मागे, सातही सीटांवर. गाडीत बसताना चपला काढून हातात घ्यायच्या. आत खायचं नाही, पाणीसुद्धा सिग्नल लागला तरच प्यायचं. उन्हाळ्यात पाहुणे त्या प्लास्टिकला चिकटून बसत आणि उतरताना चर्र असा आवाज येई. सदानंदला त्या आवाजाचाही अभिमान होता.

“अहो, ठेवायचीवर खूण करा आणि मोकळे व्हा,” छाया स्वयंपाकघरातून म्हणाली. “गाडी गेली तर माझी नोकरी गेली. माझी नोकरी गेली तर हे सगळे हप्ते कोण भरणार, कोर्ट?”

तिचं बोलणं खरं होतं. तीन महिन्यांपूर्वी तिला जबल अलीतल्या एका गोदामात कागदपत्रं सांभाळायची नोकरी मिळाली होती. गोदाम आणि बंदराच्या गेटांमधे दिवसभर फेऱ्या असत, म्हणून नेमणुकीच्या पत्रातच अट होती की स्वतःची गाडी हवी. लायसन्ससाठी छाया सात वेळा नापास झाली होती. आठव्या वेळी पास झाली तेव्हा परीक्षक बाईंनीच तिला मिठी मारली होती. आता रोज पहाटे पाचला ती चपला काढून त्या प्लास्टिकवर बसत असे आणि शारजाची गर्दी सुरू व्हायच्या आत निसटत असे. घरात येणारा पगार तेवढा एकच होता.

“नुसती खूण करून चालतं का ते झुबेरला विचारतो,” सदानंद म्हणाला.

झुबेर मुकादम मूळचा रत्नागिरीचा, वीस वर्षं शारजाच्या रोला भागात टायपिंग सेंटर चालवणारा. लोकांचे अर्ज अरबीत टाइप करता करता त्याला निम्मा कायदा पाठ झाला होता आणि उरलेला निम्मा तो अंदाजाने सांगत असे. सदानंदचा फॉर्म त्याने दोन मिनिटांत चाळला.

“सदाभाऊ, साधा हिसाब आहे. बँकेचं किती राहिलं?”

“चाळीस हजार दिरहम.”

“म्हणजे साडेनऊ लाख रुपये.” कुठलाही आकडा रुपयांत केल्याशिवाय झुबेरच्या घशाखाली उतरत नसे. “आता कोर्टाच्या वतीने माणूस येणार, गाडी बघणार, किंमत काढणार. किंमत चाळीसच्या वर गेली, तर गाडी विकून बँकेचे भागवून वर काय उरतं ना, ते बाकी ज्यांचं देणं आहे त्यांना मिळणार. मग ते विकणारच. खलास. पण चाळीसच्या खाली आली, तर विकून कोणाला काय भेटणार? बँकच बोलणार, हप्ते भर, गाडी चालव, आमचं डोकं नको खाऊ. तुझा वकील पण हेच बोलला ना?”

“हेच. त्याने हे सांगायचे पैसे घेतले.”

“मग? किंमत खाली यायला पाहिजे.”

“माझ्या गाडीची?” सदानंदचा चेहराच पडला. “झुबेर, अरे शोरूमच्या गाडीशेजारी उभी कर. ओळखून दाखव.”

“तेच तर लफडं आहे, हबीबी. खोटं काय पण करायचं नाही. कोर्टाचं काम आहे. पण गाडी पाच वर्षांची आहे ना, मग पाच वर्षांची दिसू दे. आठ दिवस धुवू नको. सावलीत लावू नको. पोरांना आत बसवून काय खायचं ते खाऊ दे. आणि ते प्लास्टिक काढून टाक.”

“पहिल्या तीन गोष्टी करतो,” सदानंद म्हणाला. “प्लास्टिक काढायचं नाही.”

“का?”

“नाही म्हणजे नाही. उद्या सगळं सुरळीत झालं तर आत सीट कोऱ्या असतील. तेवढ्या तरी असू दे.” हे ऐकून झुबेरने गुपचूप त्याच्यासाठी कडक, दुधाळ करक चहा मागवला.

गाडी बघायला माणूस पुढच्या शनिवारी अकराला येणार होता. सदानंदने त्याच संध्याकाळी इमारतीच्या नातुराला, म्हणजे रखवालदार सुजीतला गाठलं. सुजीत पन्नाशीचा, बंगालकडचा, महिना साठ दिरहम घेऊन गाड्या धुवायचा.

“सुजीत, मेरा गाडी अभी मत धोना. आठ दिन बिलकुल हात नहीं लगाना.”

सुजीतने एकदा सदानंदकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. टिपणीससाहेबांचा धंदा बसल्याचं इमारतीत लिफ्टलासुद्धा माहीत होतं. “ठीक है साब,” तो हळू आवाजात म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

सदानंदने गाडी पलीकडच्या मातीच्या मैदानात नेऊन उन्हात लावली. नशिबाने मंगळवारी धुळीचं वादळही आलं. संध्याकाळी सदानंद खिडकीतून बघत होता. गाडीवर बोटाने नाव लिहिता येईल एवढा थर जमला होता. त्याला त्या रात्री जेवण गेलं नाही, पण योजना चालू लागल्याचं समाधान होतं.

बुधवारी पहाटे तो छायाला सोडायला खाली आला, तर गाडी चकाकत होती. टायरांनासुद्धा काळं पॉलिश. वायपरखाली एक छोटा सुगंधी कागद अडकवलेला.

“सुजीत! मैंने क्या बोला था?”

“साब, पैसा नहीं चाहिए.” सुजीतने हात जोडले. “मुन्सिपाल्टी का आदमी गंदा गाडी पे कागज लगाता था. आपको मुखालफा आता, दंड भरना पडता. मैं है ना, साब. आपका अच्छा दिन आने तक मैं फ्री धोएगा. वॅक्स भी मारा है. मेरा अपना.”

या माणसाला काय बोलणार? सदानंदने त्याला मिठी मारली आणि मनातल्या मनात दोन हजार दिरहमनी वाढलेली किंमत मोजली.

मग गुरुवारी खाण्याचा प्रयोग झाला. त्याची बारा वर्षांची मुलगी सान्वी आणि तिच्या तीन मैत्रिणी एका वाढदिवसाहून परतायच्या होत्या. सदानंद त्यांना आणायला गेला तो चार शोरमा, चार फ्रेंच फ्राइज आणि केचपच्या पुड्या घेऊनच. मुलींनी सवयीने चपला काढून हातात घेतल्या आणि रांगेने आत बसल्या.

“खा बेटा, खा. गरम आहे तोवर खा.”

कोणीच हात पुढे केला नाही. “अंकल, वी आर नॉट अलाउड टु ईट इन युअर कार,” झारा नावाची मैत्रीण अदबीने म्हणाली.

“आज अलाउड आहे. आज सांडलं तरी चालेल.”

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. सान्वीने पुढच्या सीटवरून बापाचं कपाळ चाचपलं. “बाबा, आर यू ओके? यू मेड द रूल. यू इव्हन मेड अ पोस्टर.”

पोस्टर खरंच होतं, मागच्या काचेला आतून चिकटवलेलं. सिग्नलला सदानंदने स्वतःच केचपची एक पुडी फोडली आणि डोळे मिटून सीटवर एक थेंब पाडला. सिग्नल सुटायच्या आत त्याने तो बोटाने पुसून चाटूनही टाकला होता. हातून नकळत घडलं असं तो नंतर छायाला सांगत होता, पण छायाने ऐकून घेतलं नाही.

“उद्या उम्म अल कुवैनला जा,” ती म्हणाली. “तिथे मासे स्वस्त आहेत. दोन किलो सुरमई आणा, डिकीत ठेवा आणि येताना एसी बंद करा. वासाने तरी किंमत उतरेल.”

सदानंद शुक्रवारी गेला. सुरमई आणली. तीन पिशव्यांत बांधून, त्या वर्तमानपत्रात गुंडाळून, ते बर्फाच्या पेटीत ठेवून, पेटीला चिकटपट्टी मारून. डिकी उघडल्यावर छायाने नाक पुढे नेऊन चार वेळा वास घेतला.

“मासे आणलेत की पेशंट आणलाय?”

“सांडलं असतं तर?”

“सांडायलाच पाठवलं होतं!” तिने कपाळावर हात मारून घेतला. मग पेटी उचलून ती तिथेच पार्किंगमधे उभी राहिली. “अहो, मला भीती वाटते हो,” ती म्हणाली. “सात वेळा नापास होऊन मिळालेलं लायसन्स आहे माझं. या वयात मला दुसरी नोकरी कोण देणार? गाडी गेली तर आपल्याला गाशा गुंडाळून डोंबिवलीला जावं लागेल.”

सदानंदला फार वाईट वाटलं. रात्री तो किल्ली घेऊन खाली गेला, गाडीच्या दारापाशी उभा राहिला आणि किल्लीचं टोक रंगाला लावलं. एक ओरखडा, बस. पण झुबेरने खोटं काही करायचं नाही असं बजावलं होतं, आणि खरं सांगायचं तर झुबेरने परवानगी दिली असती तरी ते जमलं नसतं. टोक टेकलं तिथे एक ठिपका दिसत होता. सदानंदने तो रुमालाने पुसला आणि वर आला.

“उद्या फक्त एक करा,” छाया म्हणाली. “तो माणूस येईल तेव्हा तोंड उघडू नका.”

“नाही उघडणार.”

“शपथ?”

“शपथ.”

शनिवारी अकराच्या ठोक्याला आलेला माणूस निघाला नीलेश बोरस्ते, पिंपळगावचा. हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर सरकारी कोरडेपणा. पण दारात टिपणीस नाव वाचून तो मराठीत आला आणि मराठी ऐकून छायाने सवयीने कांदेपोहे परतायला घेतले. मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तशी सगळ्या घरात लगबग उडाली. सान्वीने केस विंचरले. झुबेर धीर द्यायला म्हणून आला होता, तो कोपऱ्यात वधूच्या मामासारखा गंभीर होऊन बसला.

“पोहे नकोत वहिनी. रिपोर्टवर शंका घेतात,” नीलेश म्हणाला आणि लिंबू पिळून दोन डिश संपवल्या. “चला, गाडी बघू.”

सगळे खाली आले. सुजीतने पहाटेच पुन्हा वॅक्स मारलं होतं. नीलेश गाडीभोवती फिरला, वाकला, टायर दाबले. सदानंद ओठ घट्ट मिटून उभा होता. छाया त्याच्या शेजारी, कोपर तयार ठेवून.

“हं,” नीलेश म्हणाला. “रंग थोडा फिका वाटतोय.”

सदानंदच्या नाकपुड्या फुगल्या, पण तो बोलला नाही. नीलेशने इंजिन चालू केलं आणि कान दिला.

“आवाज जरा जड येतोय, नाही का?”

“जड?” सदानंद म्हणाला.

“अहो,” छाया म्हणाली.

“एक मिनिट, छाया. साहेब, जड म्हणजे काय? या इंजिनावर रुपया उभा करा, पडला तर माझं नाव बदला! आणि रंग फिका? रंग फिका? पाच वर्षांत एकदा ऊन लागलंय हिला, तेही या आठवड्यात, मुद्दाम!”

छायाचं कोपर बसलं, पण उशीर झाला होता. सदानंदने डॅशबोर्डच्या कप्प्यातून फाइल काढली. प्रत्येक सर्व्हिसची पावती, तारखेप्रमाणे. प्रत्येक टायरचा जन्मदाखला. एकही अपघात नाही, एकही दंड नाही, किलोमीटर शेजाऱ्यांच्या निम्मे. तो बोलत होता, पानं उलटत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर वर्षभरात दिसलं नव्हतं असं तेज होतं. बऱ्याच महिन्यांनी कोणीतरी त्याच्याशी त्याने जपलेल्या गोष्टीबद्दल बोलत होतं, बुडवलेल्या नाही. झुबेरने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

“कमाल आहे,” नीलेश प्रभावित होऊन म्हणाला. “मी पंधरा वर्षं हे काम करतोय. अशी ठेवलेली गाडी पाहिली नाही.” त्याने टॅबलेटवर आकडे टाकले. “माझ्या हिशेबाने शेहेचाळीस हजार.”

“म्हणजे जवळजवळ अकरा लाख,” झुबेर मेल्या आवाजात म्हणाला.

तेव्हा कुठे सदानंद भानावर आला. त्याने छायाकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती गाडीकडे बघत होती, स्टेशनवर निरोप द्यायला आल्यासारखी. सान्वीने आईचा हात धरला होता. ‘काय केलं मी हे,’ सदानंद मनात म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच इतकी लाज वाटली की हातातली फाइल कुठे ठेवावी ते कळेना.

“तेवढ्या सीट बघतो आणि निघतो,” नीलेश म्हणाला. “हे प्लास्टिक काढावं लागेल.”

“प्लास्टिक काढायचं नाही,” सदानंद सवयीने म्हणाला.

“काढावंच लागेल साहेब. फोटो लागतो. सीटचा फोटो नसला तर रिपोर्ट परत येतो.”

“काढा,” छाया म्हणाली. “आता काय राहिलंय?”

“मग मी काढतो,” सदानंद म्हणाला. “दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.” तो आत वाकला, ड्रायव्हरच्या सीटवरच्या प्लास्टिकचा कोपरा दोन बोटांत धरला आणि हलक्या हाताने ओढला.

चर्र.

प्लास्टिक निघालं. प्लास्टिकच्या बरोबर सीटचं कातडंही निघालं. शारजाचे पाच उन्हाळे त्या दोन थरांच्या मधे कोंडले गेले होते आणि आत ते एकमेकांत विरघळून एकजीव झाले होते. खाली पिवळा स्पंज होता, तोही जागोजागी काळा पडलेला. गाडीतून कोंदट वास बाहेर आला, दोन किलो सुरमईलाही जमला नसता असा.

सदानंदने दुसरी सीट ओढली. चर्र. तिसरी. चर्र. नीलेशने फोटो घेतले. मागच्या रांगेपर्यंत पोचेतो सदानंदच्या कपाळावर घाम होता आणि हातात सात सीटांची कातडी लोंबत होती.

“अरेरे,” नीलेश म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. “सातही गेल्या. नवीन करायच्या म्हणजे बराच खर्च आहे. वास जायलाही काम करावं लागेल. प्लास्टिक पहिल्याच दिवशी काढलं असतं, तर सीट आज नव्या असत्या.” त्याने आकडा खोडला. “अडतीस हजार पाचशे. याच्या वर मी नाही जाऊ शकत. सॉरी टिपणीससाहेब.”

“नऊ लाख दहा हजार!” झुबेर ओरडला. “अलहमदुलिल्ला!”

छायाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती ते सान्वीला कळेना. दोन्ही चाललं होतं.

“साहेब,” सदानंद घोगऱ्या आवाजात म्हणाला, “पण इंजिनाचे थोडे तरी जास्त—”

“गप्प बसा!” छाया, झुबेर आणि सान्वी एकाच वेळी म्हणाले. सान्वी पहिल्यांदाच मराठीत ओरडली होती.

नीलेशने वर येऊन चहा घेतला, छायाने त्याला डब्यात पोहे भरून दिले आणि तो गेला. सदानंदने टेबलावरचा फॉर्म ओढला आणि ‘गाडी ठेवायची आहे’ या चौकोनात एकदाची खूण केली. नंतरच्या महिन्यात बँकेचं आणि कोर्टाचं होय आलं, तेव्हा झुबेरने ते अरबी पत्र तीनदा वाचून दाखवलं, आणि प्रत्येक वेळी रक्कम रुपयांत सांगितली.

त्याआधी, नीलेश येऊन गेल्यानंतरच्या सोमवारी पहाटे पाचला, सदानंद छायाला सोडायला खाली उतरला होता. सीटांवर आता तिच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या होत्या. ती चपला घालूनच आत बसली. बाजूच्या सीटवर डबा उघडला, थालीपिठाचा तुकडा मोडला आणि सावकाश चावत तिने गाडी सुरू केली. कण गोधडीवर पडले. सदानंदचा हात पुढे झाला, मग त्याने तो खिशात घातला.

“चव कशी आहे?” त्याने विचारलं.

“पाच वर्षांत इतकं चविष्ट थालीपीठ खाल्लं नव्हतं,” ती म्हणाली आणि जबल अलीला निघाली.

संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा सदानंद गुडघ्यांवर बसून दिवाणखान्यातल्या सोफ्याच्या प्लास्टिकची शिवण कात्रीने उसवत होता. टीव्हीच्या रिमोटचं पाकीट निघालं होतं, मायक्रोवेव्हच्या दारावरचा कागद निघाला होता. “शिकलो मी, छाया,” तो म्हणाला. “वस्तू वापरायच्या असतात. आजपासून या घरात प्लास्टिक नाही.”

छायाने झटकन त्याच्या हातातली कात्री काढून घेतली.

“खबरदार हात लावाल तर,” ती म्हणाली. “कोर्टाचं अजून संपलेलं नाही. उद्या सोफा बघायला माणूस आला, तर?”